बाबा पदमनजी

बाबा पदमनजी मुळे (जन्म : मे १८३१, बेळगाव, मृत्यू : २९ ऑगस्ट १९०६) हे एकोणिसाव्या शतकातील मराठी ग्रंथकार, कोशकार आणि ख्रिस्ती धर्मप्रसारक होते. यमुनापर्यटन (१८५७) या कादंबरीचे लेखक म्हणून ते प्रसिद्ध आहेत. इंग्रजी-मराठी शब्दकोश, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची संक्षिप्त आवृत्ती आणि समानार्थी मराठी शब्दांचा शब्दरत्नावली हा संग्रह यांद्वारे त्यांनी इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी पायाभूत साधने निर्माण केली.

शिक्षण आणि धर्मांतर

बाबा पदमनजींचा जन्म कासार कुटुंबात झाला. बेळगाव येथील मिशनच्या शाळेत त्यांनी इंग्रजीचे शिक्षण घेतले. पुढील शिक्षण मुंबईत झाले. तेथे जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेशी त्यांचा संबंध आला. १८४९ साली स्थापन झालेल्या या सभेचे कामकाज गुप्तपणे चालत असे. स्त्रीविद्याभ्यास निबंध (१८५२) हे त्यांचे पुस्तक याच काळातील आहे.

इंग्रजी शिक्षण, मिशनऱ्यांचा सहवास आणि स्वतःच्या धर्मपरंपरेची चिकित्सा यांतून त्यांचा कल ख्रिस्ती धर्माकडे वळला. ३ सप्टेंबर १८५४ रोजी बेळगाव येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी धर्मांतर केलेल्या व्यक्तीस आप्तांचा आणि ज्ञातीचा दुरावा सोसावा लागत असे. पदमनजीही त्यास अपवाद नव्हते. पुढे पुण्यात फ्री चर्च मिशनच्या शाळेत त्यांनी अध्यापन केले. काही काळ ते पाळकही होते. नंतरचे आयुष्य त्यांनी प्रामुख्याने लेखन आणि संपादन यांत व्यतीत केले.

कोशकार्याची पार्श्वभूमी

पदमनजींच्या आधी मराठी कोशरचनेचे मोठे काम इंग्रज अधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली आणि मराठी शास्त्री-पंडितांच्या साहाय्याने झाले होते. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ६०,००० शब्दांची त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. टॉमस कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली छापला गेला. हे ग्रंथ आकाराने मोठे होते आणि शाळकरी विद्यार्थ्याच्या रोजच्या वापरास ते सोयीचे नव्हते. १८५७ साली मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली व उच्च शिक्षणात इंग्रजीचे महत्त्व वाढले. त्याबरोबर आटोपशीर कोशाची गरज अधिक जाणवू लागली.

शब्दकोश आणि शब्दरत्नावली

मोल्सवर्थच्या कोशाची पदमनजींनी केलेली संक्षिप्त आवृत्ती १८६३ साली प्रसिद्ध झाली. मूळ ग्रंथातील शब्दसंपत्ती तिच्यामुळे विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आली. विसाव्या शतकातही तिचे पुनर्मुद्रण झाले. त्यांच्या इंग्रजी-मराठी कोशाच्याही एकाहून अधिक आवृत्त्या निघाल्या. शब्दरत्नावली (१८६०) ही मराठीतील समानार्थी शब्दांच्या आरंभीच्या संग्रहांपैकी एक आहे.

इंग्रजी-मराठी कोश आणि समानार्थी शब्दसंग्रह ही दोन साधने परस्परांस पूरक असतात. एका इंग्रजी शब्दास एकच मराठी शब्द जोडून पाठ केल्यास अर्थाच्या छटा हरवतात. उदाहरणार्थ, कस्टम या शब्दाचा अर्थ संदर्भानुसार चाल, रीत, रूढी किंवा वहिवाट असा होतो, तर व्यापाराच्या संदर्भात त्याच शब्दाच्या अनेकवचनाने जकातीचा बोध होतो. घरातील रीत, समाजातील रूढी आणि जमिनीची वहिवाट या मराठीत एकच गोष्ट नव्हेत. त्यामुळे योग्य प्रतिशब्द निवडण्यासाठी मराठी शब्दांमधील भेदही ठाऊक असावा लागतो.

विरुद्धार्थी शब्दांमुळे हे भेद अधिक स्पष्ट होतात. फ्री या इंग्रजी शब्दाचा अर्थ परतंत्राच्या विरुद्ध घेतल्यास स्वतंत्र, बांधलेल्याच्या विरुद्ध घेतल्यास मोकळा आणि विकतच्या विरुद्ध घेतल्यास फुकट असा होतो. शब्द एकच असला तरी त्याच्या प्रत्येक अर्थाचा विरुद्ध शब्द निराळा असतो. म्हणून परक्या भाषेतील शब्दसंग्रह वाढवताना मातृभाषेतील पर्यायांची जाण उपयोगी पडते. अशा अभ्यासाची साधने मराठीत तयार करणाऱ्या आरंभीच्या एतद्देशीय कोशकारांत पदमनजींची गणना होते.

इतर साहित्य

यमुनापर्यटन या कादंबरीत हिंदू विधवांच्या हालअपेष्टांचे चित्रण आहे. तिला मराठीतील पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी मानले जाते. अरुणोदय हे त्यांचे आत्मचरित्र मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी असून त्यात धर्मांतरापर्यंतचा वैचारिक प्रवास आला आहे. त्याचे जे. मरे मिचेल यांनी संपादित केलेले इंग्रजी रूप १८९० साली लंडन येथे प्रसिद्ध झाले. पदमनजींनी लहानमोठी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांत धर्मविषयक व वादविवादात्मक लेखनाचा भाग मोठा आहे.

मूल्यमापन

पदमनजींच्या लेखनाचा मुख्य हेतू धर्मप्रसाराचा होता आणि त्याचा ठसा त्यांच्या कादंबरीवरही उमटला आहे. या हेतूमुळे त्यांच्या वाङ्मयाकडे दीर्घकाळ पक्षीय दृष्टीने पाहिले गेले. कोशांची गोष्ट वेगळी होती. कोशकाराची मते मान्य नसणाऱ्या वाचकालाही त्यांचा उपयोग करता येत होता. ज्ञातीपासून दुरावलेल्या या लेखकाचे शब्दकार्य त्यामुळे धर्म आणि पंथ यांच्या मर्यादेपलीकडे मराठी भाषेच्या अभ्यासकांना उपलब्ध राहिले.