मुंबईच्या तिजोरीवर दादाभाईंची नजर

दादाभाई नौरोजी म्हटले की भारतातून इंग्लंडकडे वाहणाऱ्या संपत्तीचा सिद्धांत आणि 1892 मधील ब्रिटिश संसदेची निवडणूक आठवते. त्यापूर्वी, 1875 मध्ये, ते मुंबई महापालिकेवर निवडून गेले होते, हे मात्र फारसे कुणाच्या स्मरणात नाही.

बडोद्याची दिवाणगिरी सोडून ते नुकतेच परतले होते. आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी मुंबईचे रूप पालटले, पण खर्चाला धरबंध उरला नव्हता. करदात्यांच्या संतापानंतर 1872 चा कायदा झाला आणि 64 पैकी 32 सदस्य त्यांच्या मतांनी येऊ लागले. राजकीय पक्षांचा तेव्हा मागमूसही नव्हता. दादाभाईंपाशी होती ती एल्फिन्स्टनमधील गणिताच्या प्राध्यापकाची चिकित्सक दृष्टी. खर्चावर देखरेख ठेवणाऱ्या टाउन कौन्सिलवरही त्यांची निवड झाली.

तेथे त्यांनी विहार तलावाच्या कर्जाचे प्रकरण हाती घेतले. मुंबईला नळाचे पाणी देणाऱ्या या योजनेसाठी सरकारने पैसा पुरवला होता. त्याची फेड पालिका, म्हणजे अखेर करदाता, करीत होता. दादाभाईंनी हिशेब मुळापासून तपासला आणि सरकारची मागणी वाजवीपेक्षा अधिक असल्याचे दाखवून दिले. सावकारच राज्यकर्ता असताना त्याच्या आकड्यांना हात घालणे सोपे नव्हते. वाद बराच लांबला.

1880 च्या दशकात ते पुन्हा पालिकेत आले. पुढे हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगावर ते सदस्य होते आणि त्याच आयोगापुढे साक्षीदार म्हणूनही उभे राहिले.