‘ॲना ओ.’ या नावाआडची बर्था

मनोविश्लेषणाचा इतिहास ज्या रुग्णापासून सुरू होतो, ती ‘ॲना ओ.’ म्हणजे बर्था पापेनहाइम. व्हिएन्नातील सधन ज्यू कुटुंबात २७ फेब्रुवारी १८५९ रोजी तिचा जन्म झाला. बुद्धी तल्लख, पण मुलगी असल्याने शिक्षण लवकरच थांबले.

१८८० मध्ये वडील आजारी पडले. त्यांची शुश्रूषा करता करता बर्थाच आजारी पडली. हातपाय लुळे पडू लागले, भास होऊ लागले. मातृभाषा जर्मन विसरून ती केवळ इंग्रजीत बोलू लागली. डॉ. जोसेफ ब्रॉयर नियमित घरी येऊन तिचे बोलणे तासन्‌तास ऐकत. डॉक्टरने नुसते ऐकावे, हेच त्या काळी अपूर्व होते. एकदा तिला काही आठवडे पाणीच पिववेना. सोबतिणीचा कुत्रा पेल्यातून पाणी प्यायल्याची किळसवाणी आठवण तिने सांगून टाकली आणि लगेच पाणी मागितले! या पद्धतीला ‘बोलण्याचा उपचार’ हे नाव तिनेच दिले. म्हणजे नव्या शास्त्राचे पहिले बारसे रुग्णाने केले.

मात्र या नात्याला दुसरी बाजू होती. १८८१ मध्ये वडील वारले, तेव्हा काही काळ ती केवळ ब्रॉयर यांनाच ओळखत असे, त्यांच्याच हातून जेवत असे. रुग्णाची अशी भावनिक गुंतवणूक हे उपचाराचेच अंग असते, हा विचार फ्रॉइड यांनी पुढे मांडला. ब्रॉयर यांच्याजवळ तेव्हा तो नव्हता. जून १८८२ मध्ये त्यांनी उपचार थांबविले. १८९५ च्या ग्रंथात ती बरी झाल्याचे चित्र उभे राहिले. प्रत्यक्षात जुलै १८८२ मध्येच तिला स्वित्झर्लंडमधील आरोग्यधामात दाखल करावे लागले होते. वेदनांसाठी दिलेल्या मॉर्फिनची सवयही जडली होती.

१८८८ मध्ये आईसह फ्रँकफुर्टला आल्यावर बर्था यांचे दुसरे आयुष्य सुरू झाले. अनाथाश्रम त्यांनी सांभाळला, मुलींच्या व्यापाराविरुद्ध लढा दिला. १९०४ मध्ये ज्यू महिला संघटना उभारली, १९०७ मध्ये नॉय-इझेनबुर्ग येथे निराधार मुली व कुमारी मातांसाठी निवारा काढला. व्हिएन्नातील आजाराविषयी मात्र त्या अवाक्षर काढीत नसत. आपल्या देखरेखीखालील मुलींवर मनोविश्लेषणाचे उपचार करण्यास त्यांचा ठाम विरोध होता. ज्या उपचाराला त्यांनी नाव दिले, त्याबाबतचा त्यांचा हा निवाडा अभ्यासकांना आजही अस्वस्थ करतो.

२८ मे १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. ‘ॲना ओ.’ म्हणजे त्याच, हे १९५३ मध्ये फ्रॉइड यांचे चरित्रकार अर्नेस्ट जोन्स यांनी उघड केले. पुढच्याच वर्षी पश्चिम जर्मनीने त्यांचे टपाल तिकीट काढले, ते समाजसेविका म्हणून.