पडद्यामागचा शिल्पकार : बिल फिंगर

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात रेड बँक नावाचे एक लहानसे गाव आहे. चित्रपट-दिग्दर्शक केव्हिन स्मिथ यांच्या मालकीचे कॉमिक पुस्तकांचे दुकान या गावात आहे. २०१२ ते २०१८ या काळात या दुकानातील रोजच्या व्यवहारावर ‘कॉमिक बुक मेन’ नावाचा कार्यक्रम तेथील टीव्हीवर झाला. त्याची सात पर्वे निघाली. आजच्या भाषेत ज्याला ‘रिॲलिटी शो’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. मात्र येथे कोणी गात नाही, नाचत नाही, स्पर्धेतून बाद होऊन रडतही नाही. दुकानात गिऱ्हाईक येते, पिशवीतून जुना अंक किंवा जुने खेळणे काढते आणि गल्ल्यावर ठेवते. दुकानातील मंडळी ती वस्तू हातात घेऊन उलटसुलट पाहतात, मग घासाघीस होते. सौदा जमला तर जमला, नाही तर गिऱ्हाईक आपली वस्तू घेऊन परत जाते.

वसतिगृहातील एका मित्राने हा कार्यक्रम मला प्रथम दाखवला, तेव्हा जुन्या कागदाचा हा बाजार कोण पाहत बसेल, असेच मला वाटले होते. पण एक भाग संपला आणि दुसरा लावला, दुसऱ्यानंतर तिसरा. यात एवढे ओढून घेणारे काय आहे, याचा मी पुष्कळ विचार केला. ते पैशाचे आकर्षण नक्कीच नव्हे, कारण तिकडच्या डॉलरांशी माझा काय संबंध? आपल्याकडे परीक्षा संपली की आपण वह्या-पुस्तके रद्दीवाल्याकडे नेतो. तो ती तागडीत टाकतो आणि वजनावर भाव सांगतो. त्या ढिगात कोणी काय लिहिले आहे, हे त्याने विचारण्याचे कारण नसते. रेड बँकच्या दुकानात नेमके उलट घडते. तेथे एकेका अंकाची विचारपूस होते. हा कोणत्या वर्षीचा, याचे चित्र कोणी काढले, कथा कोणी लिहिली, यातील खलनायक प्रथम येथेच आला काय? ज्याला सर्वांनी रद्दी म्हटले, त्याच्याकडे कोणीतरी माणसासारखे पाहते. या कार्यक्रमाची गोडी मला तेथे सापडली.

या दुकानात बॅटमनचा विषय वारंवार निघतो. दुकानाचे व्यवस्थापक वॉल्ट फ्लॅनगन यांनी स्वतः केव्हिन स्मिथ यांनी लिहिलेल्या बॅटमनच्या कथांची चित्रे काढलेली आहेत. परंतु बॅटमन कोणी निर्माण केला, या प्रश्नाला पंचाहत्तरहून अधिक वर्षे एकच छापील उत्तर होते : बॉब केन. ते उत्तर अर्धेच होते. उरलेल्या अर्ध्या उत्तराचे नाव बिल फिंगर. त्यांच्याच जीवनाची ओळख येथे करून द्यावयाची आहे.

बिल फिंगर यांचे मूळ नाव मिल्टन. त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १९१४ रोजी कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील शिंपी होते. पुढे हे कुटुंब न्यू यॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागात येऊन राहिले. १९३३ मध्ये डेव्हिट क्लिंटन हायस्कूलमधून मिल्टन उत्तीर्ण झाले. तो काळ जागतिक मंदीचा होता आणि अमेरिकेत लक्षावधी लोक बेकार हिंडत होते. मिल्टनला लेखक व्हायचे होते, पण पोटासाठी जोडे विकण्याच्या दुकानात काम करणे भाग पडले. याच सुमारास मिल्टनचे ‘बिल’ झाले. ज्यू वळणाच्या नावामुळे नोकरी नाकारली जाण्याचे ते दिवस होते. ज्या माणसाचे नाव पुढे आयुष्यभर झाकलेले राहायचे होते, त्याने आपले पहिले नाव असे स्वतःच्या हातानेच बाजूला ठेवले.

एका मेजवानीत त्यांची ओळख बॉब केन या तरुण चित्रकाराशी झाली. केनही त्याच शाळेचे विद्यार्थी. त्यांना चित्रे काढता येत होती, पण कथा हव्या होत्या. फिंगरना कथा सुचत होत्या, पण त्या छापणारे कोणी नव्हते. केन यांनी फिंगरना कथा लिहिण्याचे काम दिले. त्या केनच्या नावावर छापल्या जाऊ लागल्या. ब्रॉन्क्समध्ये कवी एडगर ॲलन पो याचे जुने घर आहे आणि त्याच्या नावाची एक बाग आहे. त्या बागेत बसून हे दोन तरुण कथानके जुळवीत असत.

१९३८ मध्ये सुपरमॅन अवतरला आणि त्याच्या अंकांचा खप पाहून प्रकाशकांचे डोळे दिपले. संपादक व्हिन सुलिव्हन यांनी केनना तसाच दुसरा एखादा वीर तयार करण्यास सुचविले. केन यांनी एक आकृती काढली : तांबड्या रंगाचा घट्ट पोशाख, डोळ्यांपुरता छोटा मुखवटा, पाठीला वटवाघळाचे ताठ पंख. ती त्यांनी फिंगरना दाखवली. फिंगर यांनी शब्दकोशातील वटवाघळाचे चित्र काढून त्याच्या कानांकडे लक्ष वेधले. मुखवट्याने सबंध डोके झाकावे, त्याला टोकदार कान असावेत आणि डोळ्यांच्या जागी नुसत्या पांढऱ्या फटी दिसाव्यात, असे त्यांनी सुचविले. ताठ पंखांच्या जागी कापलेल्या काठांचा झगा आला, हातांत हातमोजे आले. तांबडा रंग जाऊन रात्रीला शोभेसा करडा रंग आला. आज जगातील लहान मूलही जी आकृती ओळखते, ती अशी एका बैठकीत घडली.

पहिली कथाही फिंगर यांचीच. ती अवघी सहा पानांची होती. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या मे १९३९ च्या, म्हणजे सत्ताविसाव्या अंकात ती आली. अंकाची किंमत होती दहा सेंट. त्या नायकाचे खरे नाव ब्रूस वेन हेही फिंगर यांनीच ठेवले. ब्रूस हे स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्यावरून घेतले आणि वेन हे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील सेनापती अँथनी वेन याच्यावरून. बॅटमनच्या शहरासाठी ते नाव शोधत होते, तेव्हा टेलिफोनच्या पुस्तकात त्यांना गॉथम नावाच्या एका जवाहिऱ्याची नोंद दिसली; शहराचे नाव ठरले गॉथम. आईबापांचा डोळ्यांदेखत झालेला खून पाहून गुन्हेगारीविरुद्ध शपथ घेणारा मुलगा ही बॅटमनची पूर्वकथा त्याच वर्षी आली. तीही फिंगर यांची मानली जाते.

यानंतर फिंगर यांची लेखणी थांबली नाही. बॅटमनला मनातले बोलायला कोणी सोबती हवा, या गरजेतून १९४० मध्ये रॉबिन आला आणि अंकाचा खप जवळजवळ दुप्पट झाला. जोकरच्या जन्माबद्दल वाद आहेत. सहाय्यक चित्रकार जेरी रॉबिन्सन यांनी पत्त्यांतील जोकर आणला, तर फिंगर यांनी १९२८ च्या एका मूकपटातील कॉनराड फाइट या नटाचा विकट हास्याचा फोटो आणून दिला, एवढे मात्र सांगितले जाते. कोड्यांतून गुन्हे करणारा रिडलर १९४८ मध्ये आला. मार्टिन नोडेल यांच्याबरोबर फिंगर यांनी ‘ग्रीन लँटर्न’ हा आणखी एक वीरही १९४० मध्ये उभा केला.

त्यांची काम करण्याची पद्धत आपण विद्यार्थ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. ते नेहमी वह्या बाळगीत. वाचनात आलेली कोणतीही चमत्कारिक माहिती, एखादे यंत्र, एखादा व्यवसाय, एखादी विचित्र घटना, ते वहीत टिपून ठेवीत आणि पुढे तिच्याभोवती कथा रचीत. अजस्र टाइपरायटरवर किंवा प्रचंड नाण्यांमध्ये चाललेली बॅटमनची मारामारी हा त्यांचा खास विशेष होता. चित्रकाराला नुसते वर्णन न देता ते संदर्भासाठी छायाचित्रेही जोडून देत. अशा कामाला वेळ लागतो. त्यामुळे मजकूर मुदतीत देणे त्यांना जमत नसे. मजकूर उशिरा म्हणजे पैसे उशिरा, आणि पैसे उशिरा म्हणजे उसनवारी. ही साखळी त्यांच्या पायातून आयुष्यभर सुटली नाही.

पण त्यांच्या दैन्याचे खरे कारण वेगळे होते. प्रकाशकाशी करार झाला तो एकट्या केन यांचा. कोणीही लिहो, कोणीही चित्र काढो, बॅटमनच्या कथेवर नाव छापले जाई ते बॉब केन यांचे. फिंगर यांना सुरुवातीला मजुरी मिळे तीही केन यांच्याकडून. पुढे ते प्रकाशकासाठी थेट लिहू लागले, तरी नावाचा प्रश्न तसाच राहिला. त्या काळात कॉमिक लिहिणे हे प्रतिष्ठेचे काम नव्हते. दुसऱ्या महायुद्धात सरकारने कागद गोळा करण्याची मोहीम काढली, तेव्हा मुलांनी आपले अंक गठ्ठ्यांनी देऊन टाकले आणि त्यांचा लगदा झाला. जे अंक लगद्यात जायचे, त्यांच्या लेखकाचे नाव कोण विचारणार? फिंगर स्वभावानेही भिडस्त होते. भांडून हक्क मागावा, हे त्यांना साधले नाही. यात दोष एकट्या केन यांचा होता असे म्हणून मोकळे होता येणार नाही. फिंगर यांची कामगिरी कचेरीतील सर्वांना ठाऊक होती, आणि ते सर्व गप्प होते.

१९६४ मध्ये संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी अंकातील पत्रव्यवहाराच्या सदरात फिंगर यांच्या कामाचा उल्लेख केला. पुढच्याच वर्षी न्यू यॉर्कमध्ये कॉमिकप्रेमींचा मेळावा भरला. फिंगर तेथे आले आणि बोलले. जेरी बेल्स या चाहत्याने त्यांची मुलाखत घेऊन त्यांच्या कामगिरीवर लेख लिहिला. अखेर कोणीतरी विचारले होते. पण केन यांनी लांबलचक खुले पत्र लिहून हा दावा फेटाळून लावला. त्यांच्याकडे करार होता, कीर्ती होती; फिंगर यांच्याकडे फक्त वह्या होत्या.

१९६६ मध्ये बॅटमनची टीव्ही मालिका सुरू झाली आणि सारी अमेरिका तिने वेडी केली. त्या मालिकेतील एका दोन भागांच्या कथेवर चार्ल्स सिंक्लेअर यांच्यासह फिंगर यांचे नाव लेखक म्हणून आले. त्यांच्या हयातीत बॅटमनच्या कथेवर पडद्यावर त्यांचे नाव आले ते एवढेच. आपल्याच मुलाच्या घरी पाहुणा म्हणून जावे, तसे ते झाले.

१८ जानेवारी १९७४ रोजी न्यू यॉर्कमधील आपल्या खोलीत त्यांचे निधन झाले. साठ वर्षे पुरी होण्यास तीन आठवडे उरले होते. बेवारशांच्या दफनभूमीत त्यांना पुरले, अशी समजूत बरीच वर्षे रूढ होती. ती खोटी निघाली. त्यांच्या मुलाने त्यांची रक्षा ओरेगॉनच्या समुद्रकिनारी नेली होती. वाळूवर तिने वटवाघळाची आकृती काढली आणि भरतीच्या लाटेने ती पुसून नेली. कोणत्याही थडग्यावर जे लिहिले गेले नाही, ते मुलाने वाळूवर लिहिले.

बॉब केन यांनी १९८९ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केले. फिंगर यांना श्रेय मिळायला हवे होते, हे त्यांनी त्यात मान्य केले आणि खंतही व्यक्त केली. तोवर पंधरा वर्षे उलटली होती. १९९८ मध्ये केनही गेले. २००५ मध्ये जेरी रॉबिन्सन यांच्या पुढाकाराने उपेक्षित कॉमिक-लेखकांसाठी फिंगर यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला. मार्क टायलर नोबेलमन या लेखकाने कित्येक वर्षे कागदपत्रे धुंडाळली, फिंगर यांच्या नातीचा शोध लावला आणि २०१२ मध्ये फिंगर यांचे चरित्र प्रसिद्ध केले. नातीने हक्काचा प्रश्न नेटाने लावून धरला. अखेर सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने फिंगर यांचे श्रेय मान्य केले आणि २०१६ मधील बॅटमनच्या चित्रपटात केन यांच्या नावासोबत त्यांचेही नाव झळकले. २०१७ मध्ये ब्रॉन्क्समध्ये, पोच्या त्या बागेजवळच, एका रस्त्याला बिल फिंगर यांचे नाव देण्यात आले.

दरम्यान त्या सहा पानांच्या कथेचे काय झाले? लगद्यातून वाचलेली ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या सत्ताविसाव्या अंकाची एक प्रत २०१० मध्ये लिलावात १०,७५,५०० डॉलरला विकली गेली. हा आकडा वाचून आपण थक्क होतो. परंतु त्या दिवशीही अंकाची किंमत ठरली होती, लेखकाचे नाव मात्र अधिकृतपणे ठरले नव्हते. किंमत आणि मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट कसे दिसावे?

म्हणूनच रेड बँकच्या दुकानातील तो कार्यक्रम मी आता निराळ्या नजरेने पाहतो. गिऱ्हाईक गल्ल्यावर अंक ठेवते, दुकानदार पाने उलटतो, आणि किंमत सांगण्याआधी हे कोणाचे काम आहे ते सांगतो. तो एक क्षण मला सगळ्या घासाघिशीपेक्षा मोठा वाटतो. फिंगर यांच्या हयातीत असे विचारणारे फार थोडे भेटले, आणि भेटले तेही उशिरा.

आपल्या स्नेहसंमेलनात एकांकिकेला बक्षीस मिळते. नट पुढे येतात, दिग्दर्शक पुढे येतो, टाळ्या होतात. ज्याने रात्र जागून संहिता तिसऱ्यांदा लिहिली, तो अनेकदा विंगेत उभा राहून पडद्याची दोरी ओढत असतो. त्याचे नाव पुकारायला पाच सेकंद लागतात. फिंगर यांच्या बाबतीत त्याला शहात्तर वर्षे लागली.