बिअरच्या कारखान्यातला ‘स्टुडंट’

दोन औषधांपैकी गुणकारी कोणते? उपचारानंतर चिंता खरोखर कमी झाली का? अशा प्रश्नांची उत्तरे शोधताना मानसशास्त्राचे आणि वैद्यकशास्त्राचे संशोधक वारंवार ‘स्टुडंटची टी-चाचणी’ वापरतात. नावावरून ती विद्यार्थ्यांसाठी असावी असे वाटेल. प्रत्यक्षात ‘स्टुडंट’ हे टोपणनाव आहे आणि ते घेणारे विल्यम सीली गॉसेट बिअरच्या कारखान्यात नोकरीला होते.

गॉसेट यांचा जन्म १३ जून १८७६ रोजी इंग्लंडमधील कँटरबरी येथे झाला. वडील लष्कराच्या इंजिनीअर दलात अधिकारी होते. मुलानेही त्याच वाटेने जायचे ठरवले होते, पण अधू दृष्टी आड आली. मग त्यांनी ऑक्सफर्डमध्ये गणित आणि रसायनशास्त्राचा अभ्यास केला आणि १८९९ मध्ये डब्लिनच्या गिनेस कंपनीत नोकरी धरली.

तिथे प्रश्न रोजचे होते. जवाचा कोणता वाण अधिक चांगला? कोणत्या मालापासून उत्तम बिअर होते? पीक वर्षातून एकदाच येते, प्रयोग खर्चिक असतात. त्यामुळे हाती आकडे असायचे जेमतेम चार, सहा किंवा दहा. त्या काळची संख्याशास्त्रीय सूत्रे मात्र शेकड्यांनी नोंदी असतील तरच विश्वासार्ह ठरत. मोजक्या आकड्यांवरून सरासरी काढता येते, पण आकडे किती विखुरलेले आहेत याचा अंदाज कच्चा राहतो आणि जुनी सूत्रे हा कच्चेपणा विचारातच घेत नसत.

१९०६ मध्ये गॉसेट लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात कार्ल पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत गेले. लहान नमुन्यांचे गणित त्यांनी मांडले आणि ते पडताळून पाहण्यासाठी एक खटाटोप केला. ३,००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांच्या नोंदी उपलब्ध होत्या. त्या त्यांनी कार्डांवर उतरवल्या, पत्त्यांसारख्या पिसल्या आणि चार-चारचे ७५० नमुने पाडले. प्रत्यक्ष निकाल गणिताशी बऱ्यापैकी जुळले. १९०८ मध्ये ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात त्यांचा लेख आला. कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावाने संशोधन छापू नये असा कंपनीचा दंडक होता, म्हणून लेखक म्हणून नाव होते ‘स्टुडंट’.

त्या लेखातले पहिले उदाहरण झोपेचे आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात कॅलमझू येथील मनोरुग्णालयात दहा रुग्णांना झोप आणणारी दोन औषधे वेगवेगळ्या वेळी देऊन पाहिली होती. पहिल्याने झोप सरासरी ०.७५ तास वाढली, दुसऱ्याने २.३३ तास. माणसे तीच असल्यामुळे प्रत्येक रुग्णाबाबत दोन औषधांतला फरक काढायचा आणि तपासायचा तो हा फरकच. असे दहा फरक मिळाले, त्यांची सरासरी १.५८ तास. दुसरे औषध सरस असल्याचा निष्कर्ष गॉसेट यांच्या गणिताने भक्कमपणे दिला.

पण या गणिताला एक अट आहे आणि ती गॉसेट यांनी लपवली नव्हती. ज्या मोठ्या समूहातून आकडे आले, त्यात त्यांची मांडणी ‘प्रसामान्य’ असावी लागते. म्हणजे बहुतेक आकडे सरासरीच्या आसपास आणि दोन्ही बाजूंना सारख्याच प्रमाणात विरळ होत जाणारे. आलेख काढला तर घंटेसारखा दिसतो. झोपेचे आकडे पाहिले तर नऊ रुग्णांचे फरक शून्य ते २.४ तासांच्या दरम्यान आहेत. एकाचा मात्र ४.६ तास. हा एकच रुग्ण सरासरी वर खेचतो. त्याला वगळले तर ती १.२४ तासांवर येते.

ही अट मोडली तर काय, यावरून पुढे वाद पेटला. रोनाल्ड फिशर यांनी गॉसेट यांच्या सूत्राची रीतसर सिद्धता दिली होती आणि १९२५ च्या आपल्या पुस्तकातून टी-चाचणी संशोधकांपर्यंत पोहोचवली होती. १९२९ मध्ये कार्ल पिअर्सन यांचे पुत्र इगॉन यांनी त्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीचे ‘नेचर’मध्ये परीक्षण लिहिले आणि प्रसामान्यतेच्या अटीकडे वाचकांचे पुरेसे लक्ष वेधलेले नाही, असा आक्षेप घेतला. फिशर संतापले. गॉसेट यांचे दोघांशीही चांगले संबंध होते. त्यांनी ‘नेचर’ला पत्र लिहून मध्यम भूमिका घेतली: अट थोडीफार ढळली तरी चाचणी फारशी बिघडत नाही, असे आपले मत सांगितले, आणि आकडे खूपच एकांगी असतील तर काय करावे, हे फिशर यांनी दाखवून द्यावे अशी विनंतीही केली.

१९३५ मध्ये गॉसेट लंडनच्या नव्या गिनेस कारखान्याची जबाबदारी घेऊन गेले. १६ ऑक्टोबर १९३७ रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे एक उत्तर १९४५ मध्ये आले, तेही उद्योगात काम करणाऱ्या रसायनतज्ज्ञाकडूनच. फ्रँक विल्कॉक्सन यांनी आकड्यांऐवजी त्यांचे क्रम वापरणारी चाचणी सुचवली. तिच्यात ४.६ हा फक्त सर्वांत मोठा फरक ठरतो. तो ४६ असता तरी निकाल तोच. झोपेच्या उदाहरणात शून्य सोडून उरलेले नऊही फरक दुसऱ्या औषधाच्या बाजूचे आहेत. नाणे नऊ वेळा उडवून नऊही वेळा एकच बाजू पडण्याची शक्यता २५६ मध्ये एक. म्हणजे क्रमाने तपासले तरी निष्कर्ष टिकतो.

मानसशास्त्रात आकडे नेहमी इतके सोयीचे नसतात. प्रतिक्रियेला लागणारा वेळ बहुतेकांचा कमी आणि काहींचा खूप जास्त असतो. नैराश्याच्या प्रश्नावलीत निरोगी लोकांचे गुण शून्याजवळ गर्दी करतात. प्रसामान्यता तपासणारी स्वतंत्र चाचणी संगणक क्षणात करून देतो, पण तिच्यावरच विसंबणे धोक्याचे. दहा आकड्यांत तिला मोठा दोषही दिसत नाही आणि हजारो आकड्यांत किरकोळ दोषही ती मोठा करून दाखवते. म्हणून आधी आलेख काढून डोळ्यांनी पाहावे. माणसे तीच आहेत की गट वेगळे, हे ठरवावे. तीच असतील तर फरकांची मांडणी तपासावी. आकडे फार एकांगी असतील तर क्रमाच्या चाचणीकडे वळावे. आणि हे सारे निकाल हाती येण्याआधी ठरवावे. हवे ते उत्तर मिळेपर्यंत चाचण्या बदलत राहिल्या, तर निरुपयोगी औषधही गुणकारी ठरू शकते आणि त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.