स्पेन्सर ट्रेसी : पडद्यावरील याजक, घरातील पिता

मुंबईच्या धोबीतलाव भागातील मेट्रो चित्रपटगृह १९३८ साली हॉलिवूडच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीने उभारले. जुन्या पिढीतील ज्या वाचकांनी तेथे त्या कंपनीचे इंग्रजी चित्रपट पाहिले आहेत, त्यांना स्पेन्सर ट्रेसी हे नाव नव्याने सांगावयास नको. रूढ अर्थाने ते देखणे नायक नव्हते. चौकोनी चेहरा, विस्कटलेले केस, मोजकेच हावभाव. तरीही सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या ऑस्कर पारितोषिकासाठी त्यांचे नामांकन नऊ वेळा झाले आणि दोनदा त्यांनी ते पटकावले. चार चित्रपटांत त्यांनी कॅथलिक याजकाची भूमिका केली. पडद्यावर इतरांना धीर देणारा हा माणूस स्वतःच्या आयुष्यात मात्र एक जड ओझे वाहत होता. त्या ओझ्याची ही कथा आहे.

बालपण आणि रंगभूमी

स्पेन्सर बोनाव्हेंचर ट्रेसी यांचा जन्म ५ एप्रिल १९०० रोजी अमेरिकेतील मिलवॉकी शहरात झाला. वडील जॉन आयरिश वंशाचे कॅथलिक व मालमोटारींचे विक्रेते. आई कॅरोलिन प्रॉटेस्टंट कुटुंबातील. मुलांचे संगोपन कॅथलिक श्रद्धेत झाले. स्पेन्सर मात्र कमालीचा दांडगट होता. शाळेत त्याचे मन रमेना, मारामाऱ्या थांबेनात. नऊ वर्षांचा असताना त्याला वळण लागावे म्हणून आईवडिलांनी त्याला डॉमिनिकन धर्मभगिनींच्या हवाली केले. पुढे येशूसंघीयांच्या मार्क्वेट अकादमीत तो काहीसा स्थिरावला. त्या दिवसांत याजक होण्याचा विचारही त्याच्या मनात येऊन गेला, असे सांगतात. तेथेच त्याला पॅट ओब्रायन हा मित्र लाभला. योगायोग असा की पुढे १९३८ या एकाच वर्षी हे दोघे शाळूमित्र दोन वेगवेगळ्या चित्रपटांत याजक म्हणून पडद्यावर आले.

१९१८ साली स्पेन्सर नौदलात भरती झाला. परंतु प्रशिक्षण चालू असतानाच पहिले महायुद्ध संपले आणि समुद्रावर जाण्याची वेळ आलीच नाही. वडिलांच्या आग्रहाखातर त्याने रिपन कॉलेजमध्ये प्रवेश घेतला. वैद्यकीय शिक्षण घेण्याचा बेत होता. परंतु वादविवाद आणि नाटके यांनी त्याला आपल्याकडे ओढून घेतले. १९२२ साली तो न्यूयॉर्कच्या नाट्यशिक्षण संस्थेत दाखल झाला. त्याच वर्षी कारेल चापेक यांच्या नाटकात एका यंत्रमानवाची मूक भूमिका करून त्याने ब्रॉडवेच्या रंगभूमीवर पाऊल ठेवले. खोलीचे भाडे देण्याइतकेही पैसे कधी कधी हाती नसत.

१९२३ साली एका नाटकमंडळीत काम करीत असताना ट्रेसी यांची लुईझ ट्रेडवेल यांच्याशी ओळख झाली. लुईझ त्या मंडळीच्या प्रमुख अभिनेत्री होत्या. त्याच वर्षी दोघांचा विवाह झाला आणि जून १९२४ मध्ये त्यांना पुत्र झाला. आजोबांचे नाव बाळाला दिले : जॉन.

न वाजलेले दार

जॉन दहा महिन्यांचा असतानाची गोष्ट. बाळ झोपले होते आणि लुईझ यांच्या हातून जाळीचे दार निसटून मोठ्याने आपटले. बाळ दचकले नाही. आईने हाक मारली, पुन्हा मारली, मोठ्याने मारली. बाळ हलले नाही. डॉक्टरांनी निदान केले की मूल पूर्णपणे कर्णबधिर आहे आणि यावर उपचार नाही. लुईझ यांनी हे दुःख काही काळ एकटीनेच उरात ठेवले. ट्रेसी यांना कळले तेव्हा ते कोलमडून गेले.

याच ठिकाणी या दोन मातापित्यांच्या वाटा मनाने वेगळ्या झाल्या. ट्रेसी यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे की मुलाचे बहिरेपण ही आपल्या पापांची शिक्षा आहे, ही भावना त्यांच्या मनात खोल रुजली. मद्याचे व्यसन त्यांना जडलेच होते. या अपराधभावनेने त्याला खतपाणी घातले. महिनोन्महिने ते मद्याला स्पर्श करीत नसत आणि मग एकाएकी कित्येक दिवस नाहीसे होत.

लुईझ यांनी रंगभूमी सोडली आणि मुलासमोर बसल्या. तो कधी बोलू शकणार नाही, हा तज्ज्ञांचा शब्द त्यांनी अखेरचा मानला नाही. ओठांच्या हालचाली ओळखणे, शब्दांचे अर्थ समजणे, घशातून आवाज काढणे, असे एकेक पाऊल टाकीत त्यांनी जॉनला शिकविले. एकेका शब्दासाठी असंख्य वेळा तेच ते सांगावे लागे. जॉनला पुढे पोलिओही झाला. तरीही तो बोलू लागला, लिहूवाचू लागला. मोठेपणी तो चित्रकार झाला आणि वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओत त्याने काम केले.

यशाची शिखरे

१९३० साली ब्रॉडवेवरील एका नाटकात फाशीच्या कैद्याची भूमिका गाजली. दिग्दर्शक जॉन फोर्ड यांनी ते नाटक पाहिले आणि ट्रेसी हॉलिवूडला गेले. १९३५ साली ते मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीत आले व त्यांचे भाग्य उजळले. १९३६ च्या ‘सॅन फ्रान्सिस्को’ या भूकंपावरील चित्रपटात त्यांनी प्रथमच याजकाची भूमिका केली आणि त्यांना पहिले ऑस्कर नामांकन मिळाले. १९३७ साली ‘कॅप्टन्स करेजस’ आला. मुंबईत जन्मलेले लेखक रुडयार्ड किपलिंग यांच्या कादंबरीवरील या चित्रपटात ट्रेसी पोर्तुगीज कोळी मॅन्युएल झाले. समुद्रात पडलेल्या एका लाडावलेल्या श्रीमंत मुलाला वाचवून त्याला माणूस बनविणारा हा साधाभोळा मच्छीमार प्रेक्षकांच्या मनात घर करून राहिला. ट्रेसी यांना पहिले ऑस्कर मिळाले. शस्त्रक्रियेमुळे ते रुग्णालयात असल्याने पारितोषिक लुईझ यांनी स्वीकारले.

त्यानंतर १९३८ साली ‘बॉइज टाउन’ आला. आयर्लंडमधून अमेरिकेत आलेले फादर एडवर्ड फ्लॅनगन यांनी डिसेंबर १९१७ मध्ये नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरात पाच मुलांना घेऊन निराश्रित मुलांसाठी घर सुरू केले होते. वंश वा धर्म न विचारता तेथे मुलांना आसरा मिळे. कोणतेही मूल जन्मतः वाईट नसते, ही फादरांची ठाम धारणा होती. चित्रपटाचे बरेचसे चित्रीकरण प्रत्यक्ष त्या वसाहतीत झाले. ज्या ट्रेसींना लहानपणी वळण लावण्यासाठी धर्मभगिनींकडे धाडावे लागले होते, तेच आता वाट चुकलेल्या मुलांचे फादर झाले होते.

या भूमिकेने त्यांना दुसरे ऑस्कर दिले. लागोपाठ दोन वर्षे सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरणारे ते पहिलेच. पारितोषिक स्वीकारताना ते स्वतःविषयी थोडे आणि फादर फ्लॅनगन यांच्याविषयीच अधिक बोलले. ही मूर्ती फादरांना भेट दिली जाईल असे स्टुडिओच्या प्रसिद्धी विभागाने त्यांना न विचारताच जाहीर करून टाकले, असे सांगतात. मूर्ती बॉइज टाउनला गेली व ट्रेसी यांना दुसरी देण्यात आली. चित्रपट तुफान चालला. परंतु संस्थेकडे आता पैसा मुबलक आला असावा अशा समजुतीने लोकांच्या देणग्या मात्र घटल्या. १९४१ साली याच कथेचा पुढचा भाग निघाला व ट्रेसी पुन्हा फादर फ्लॅनगन झाले. फादर फ्लॅनगन १९४८ साली बर्लिन येथे मृत्यू पावले. त्यांच्या संतपदाच्या प्रक्रियेस ओमाहा महाधर्मप्रांताने २०१२ साली आरंभ केला.

दोन घरे

ट्रेसी यांचे चरित्र लिहिताना एक गोष्ट झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९४२ च्या ‘वुमन ऑफ द इयर’ या चित्रपटापासून अभिनेत्री कॅथरिन हेपबर्न यांच्याशी त्यांचे नाते जुळले. दोघांनी नऊ चित्रपटांत एकत्र काम केले आणि हे नाते ट्रेसी यांच्या मृत्यूपर्यंत टिकले. ट्रेसी यांनी लुईझ यांच्यापासून घटस्फोट घेतला नाही. त्यामागे कॅथलिक संस्कार होते की मुलाविषयीची अपराधभावना, यावर चरित्रकारांत एकमत नाही. ते कुटुंबाला भेटत, त्याचा खर्च सांभाळीत. पण त्या घरात राहत नसत. या साऱ्यात लुईझ यांच्या वाट्याला आलेला एकटेपणा विसरता येत नाही.

त्याच १९४२ साली लुईझ यांनी काय केले? कर्णबधिर मुलांच्या मातांना एकत्र करून त्यांनी लॉस एंजेलिस येथे, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आवारातील एका लहानशा बंगल्यात ‘जॉन ट्रेसी क्लिनिक’ सुरू केले. मुलाला शिकवावयाचे तर आधी त्याच्या आईवडिलांना शिकवले पाहिजे, हा त्यांचा अनुभव होता. कुटुंबांकडून शुल्क घेतले जात नसे. आरंभीच्या काळात संस्थेचा मोठा आर्थिक भार ट्रेसी यांनी उचलला. वॉल्ट डिस्ने पहिल्या संचालक मंडळावर होते. दूर राहणाऱ्या पालकांसाठी पत्राद्वारे अभ्यासक्रम सुरू झाला आणि देशोदेशींच्या हजारो कुटुंबांपर्यंत तो पोहोचला. लुईझ १९८३ साली वारल्या. वाढत्या वयात जॉन यांची दृष्टीही गेली. त्यांना अशर सिंड्रोम हा आनुवंशिक विकार होता. २००७ साली त्यांचे निधन झाले.

अखेरचे पर्व

१९६१ साली ट्रेसी यांनी ‘द डेव्हिल ॲट फोर ओ’क्लॉक’ या चित्रपटात शेवटचा याजक साकारला. हा याजक फादर फ्लॅनगन यांच्यासारखा तेजस्वी नाही. पॅसिफिकमधील एका बेटावर कुष्ठरोगी मुलांसाठी रुग्णालय उभारणारा, पण मद्याच्या आहारी गेलेला हा वृद्ध धर्मगुरू ज्वालामुखीच्या उद्रेकात त्या मुलांसाठी प्राण पणाला लावतो. ट्रेसी यांच्या स्वतःच्या आयुष्याला सर्वांत जवळची अशी ही याजक-भूमिका म्हणावी लागेल. त्याच वर्षी ‘जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग’मध्ये त्यांनी नाझी न्यायाधीशांचा न्याय करणारा प्रांजळ न्यायमूर्ती उभा केला.

१९६३ पासून प्रकृती ढासळली. १९६७ साली ‘गेस हूज कमिंग टू डिनर’ या चित्रपटासाठी कोणतीही विमा कंपनी त्यांची हमी घेईना. तेव्हा दिग्दर्शक स्टॅन्ली क्रेमर व कॅथरिन हेपबर्न यांनी स्वतःचे मानधन तारण ठेवले. कृष्णवर्णीय तरुणाशी लग्न करू पाहणाऱ्या गोऱ्या मुलीच्या पित्याची ती भूमिका होती. दिवसाला काही तासच काम करीत ट्रेसी यांनी ती पुरी केली. चित्रीकरण संपल्यावर तीन आठवड्यांच्या आत, १० जून १९६७ रोजी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. १२ जून रोजी हॉलिवूडमधील निष्कलंक हृदयमातेच्या चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्साबलिदान अर्पण झाले. कुटुंबाचा मान राखून हेपबर्न तेथे गेल्या नाहीत. नेमक्या त्याच दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आंतरवंशीय विवाहांवर बंदी घालणारे सोळा राज्यांतील कायदे रद्द ठरविले.

संत योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य प्रभूला विचारतात की पाप कोणाचे, त्याचे की त्याच्या आईवडिलांचे. प्रभू दोन्ही नाकारतो आणि त्यांची दृष्टी देवाच्या कार्याकडे वळवितो. स्पेन्सर ट्रेसी आयुष्यभर शिष्यांच्या त्या प्रश्नातच अडकून राहिले. लुईझ यांनी मात्र तो प्रश्न बाजूला सारून मुलाला शब्द शिकविले. आजही आपल्या धर्मग्रामांत दिव्यांग मुलाचे आईवडील एकांतात स्वतःला तोच प्रश्न विचारीत असतात आणि कधी कधी शेजारीपाजारीही तो त्यांना विचारतात. अशा घराची पायरी चढताना हा प्रश्न बाहेर ठेवून जावे. त्या आईला आपण काय मदत करू शकतो, एवढेच विचारावे.