डॉ. होमी भाभा आणि ट्रॉम्बेचा निखारा

आपल्या घाटकोपरहून ट्रॉम्बे काही लांब नाही. तेथील अणुसंशोधन केंद्राला ज्यांचे नाव आहे, त्या डॉ. होमी भाभांविषयी मी थोडे सांगणार आहे. मी सातवी शिकलेली. वाचून उमगले तेवढेच लिहिते.

होमींचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत, सुखवस्तू पारशी घराण्यात झाला. मुलाने इंजिनिअर होऊन टाटांच्या पोलाद कारखान्यात जावे, ही वडिलांची इच्छा. १९२७ साली ते केंब्रिजला गेले, पण त्यांचा ओढा पदार्थविज्ञानाकडे. आधी इंजिनिअरिंगचा पहिला वर्ग मिळवावा, मग आवडीचा विषय घ्यावा, अशी वडिलांनी अट घातली. होमींनी ती पुरी केली. १९३९ साली ते सुटीवर घरी आले, तोच महायुद्ध पेटले आणि ते येथेच राहिले. १९४५ साली त्यांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था काढली. १९५६ साली ट्रॉम्बेला अप्सरा ही देशातील पहिली अणुभट्टी चालू झाली.

आपल्याकडे युरेनियम थोडे. केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियम मात्र मुबलक. पण थोरियम ओल्या लाकडासारखे, आपणहून पेट घेत नाही. त्याला निखारा लागतो. तो निखारा म्हणजे प्लुटोनियम. हे मूलद्रव्य खाणीत मिळत नाही, माणसालाच करावे लागते. ग्लेन सीबोर्ग व त्यांच्या सोबत्यांनी अमेरिकेत १९४०-४१ च्या हिवाळ्यात ते प्रथम तयार केले. अणुभट्टीत युरेनियम वापरले जाताना त्यातच थोडे प्लुटोनियम होते. ते युरेनियम आम्लात विरघळवून प्लुटोनियम वेगळे काढतात. सारे काम जाड भिंतींआडून, कारण त्याचे किरण जीवघेणे. असा कारखाना भाभांनी होमी सेठना व आपल्याच इंजिनिअरांकडून ट्रॉम्बेला उभारून घेतला. १९६४ साली तो चालू झाला.

विस्तव अन्न शिजवतो, तसा घरही जाळतो. १९४५ साली नागासाकी प्लुटोनियमच्याच बाँबने बेचिराख झाली. १९७४ साली पोखरणच्या स्फोटात ट्रॉम्बेचे प्लुटोनियम होते, आणि १९८५ साली कल्पाक्कमला त्याच्यावर चालणारी छोटी अणुभट्टीही सुरू झाली. हे पाहायला भाभा नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर त्यांचे विमान कोसळले. वय अवघे ५६.

वडिलांनी मुलाच्या ओढीला वाट दिली. पुढे त्या मुलाने देशातील तरुणांच्या हातांवर भरवसा टाकला. आपणही आपल्या मुलामुलींची ओढ ओळखावी, आणि हाती आलेला विस्तव जपून वापरण्याचे वळणही त्यांना लावावे, एवढेच माझे सांगणे.