मेजर कँडींचं प्रश्नचिन्ह

मराठीत प्रश्नचिन्ह नि स्वल्पविराम रुजवले ते एका इंग्रज फौजी माणसानं, माहीत होतं? मेजर थॉमस कँडी, जन्म १८०४. नोकरी लष्कराची, पण रमले मराठीत. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशासाठी राबले, १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश पूर्ण केला, पुण्यात शिक्षण नि सरकारी भाषांतरं सांभाळली. मोडीत तेव्हा शब्दही सलग लिहीत. वाचणाऱ्यानं थांबायचं कुठं? म्हणून १८५० मध्ये त्यांनी विरामचिन्हांवर पुस्तिकाच काढली. मला तरी हे त्यांचं कोशाहून मोठं काम वाटतं. १८७७ मध्ये महाबळेश्वरला वारले.

आता गंमत बघा. आमच्या सिंदेवाहीकडं धान लावणारे विचारतात तसं 'पाऊस आला का?' मी जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशननं शोधलं. 'पाऊस आला कधी' पण हजर! कँडींचं प्रश्नचिन्ह तिथं प्रश्न विचारतच नाही. आधीचं चिन्ह असो वा नसो, चालेल म्हणतं. म्हणजे 'का'चा काना गेला तरी जुळतं. त्याच्याआधी उलटी तिरपी रेघ द्यायची. पॅटर्न अवतरणात लिहिला असेल तर दोन. नुसतं जसंच्या तसं शोधायचं असेल तर इनक्लूड्स बरं, त्याला ही भानगडच नाही.